गोव्यात ४३४-४३८ मेगाहर्ट्झवर रिपीटर: शिफ्ट, डुप्लेक्सर आणि जागा यांविषयी मार्गदर्शन हवे

मडगावचा_हॅम

सर्वांना नमस्कार. मडगाव आणि फोंडा परिसरातील आम्ही काही परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) ७० सेंटिमीटर पट्ट्यावर (४३४-४३८ मेगाहर्ट्झ) रिपीटर, म्हणजे एका वारंवारतेवर ऐकून तेच लगेच दुसऱ्या वारंवारतेवर प्रसारित करणारे केंद्र, उभारण्याच्या विचारात आहोत. दोन मीटरवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर) बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या हँडीवरून (हातातल्या छोट्या सेटवरून) ते बोलतात तिच्यात हा पट्टाही असतो आणि तो जवळजवळ ओस पडलेला आहे. पावसाळ्यात वीज आणि मोबाइल एकदम बंद पडतात, त्या वेळी आणखी एक स्वतंत्र मार्ग हाताशी असावा अशी आमची मनापासून इच्छा आहे.

अडचण शिफ्टची, म्हणजे रिपीटरच्या ऐकण्याच्या (इनपुट) आणि बोलण्याच्या (आउटपुट) वारंवारतांमधील अंतराची आहे. परदेशी लेखांत ५ किंवा ७.६ मेगाहर्ट्झची शिफ्ट गृहीत धरलेली असते आणि आपला तर सगळा पट्टाच ४ मेगाहर्ट्झचा. अशा स्थितीत बाजारात मिळणारा सहा कॅव्हिटींचा (धातूच्या पोकळ फिल्टरांचा) छोटा डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर ऐकणे आणि बोलणे वेगळे ठेवणारे उपकरण, चालेल का? मोटोरोला जीएम३३८ चे दोन जुने सेट आमच्याकडे आहेत. जागा म्हणून पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर मनात आहे. तेथून पेडणे, सत्तरी आणि काणकोण कितपत मिळेल, हेही कळावे.

पर्वरी_कॅव्हिटी

आपण प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला आहे. तो छोटा डुप्लेक्सर ५ ते १० मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी बनवलेला असतो. अंतर दोन मेगाहर्ट्झच्या आसपास आणले की त्याचे विलगीकरण (स्वतःचे प्रसारण रिसीव्हरपासून दूर ठेवण्याची क्षमता) झपाट्याने घसरते आणि रिपीटर स्वतःच्याच प्रसारणाने बधिर होतो. दहा वॉटच्या रिपीटरलाही साधारण ८० डेसिबलच्या आसपास विलगीकरण लागते. मोठ्या बँडपास कॅव्हिटी (ठरावीक वारंवारताच जाऊ देणाऱ्या) घेतल्या तर काम होईल, आणि या पट्ट्यावर त्या अवजड नसतात, कारण पाव तरंगलांबीची कॅव्हिटी दोन मीटरवर अर्ध्या मीटरहून उंच होते, तर येथे ती सुमारे १७ सेंटिमीटरमध्ये बसते. तरीही त्या महाग पडतात आणि त्यांचे ट्यूनिंग कॅव्हिटीचा प्रतिसाद मोजणाऱ्या व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरशिवाय करू नये.

मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक पटतो. टॉवर मिळणार असेल तर दोन अँटेना एकाच उभ्या रेषेत, दहा मीटर अंतर ठेवून लावाव्यात. एवढ्या अंतराने ४३५ मेगाहर्ट्झवर सुमारे ७० डेसिबल विलगीकरण नुसत्या हवेतून मिळते. दोन मीटरवर तेवढ्याच अंतराला ५५ च्या आसपासच मिळाले असते. म्हणजे कमी लोकप्रिय पट्टा येथे आपल्या बाजूने उभा राहतो. उरलेली कसर प्रत्येक बाजूला एक-दोन नॉच कॅव्हिटी (नको ती वारंवारता अडवणाऱ्या) लावून भरून निघेल.

वारंवारता ठरवताना ४३५ ते ४३८ हा भाग उपग्रहांसाठी राखलेला असतो, हे विसरू नये. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रिपीटरचे डाउनलिंक (खाली येणारे प्रसारण) ४३७.८०० वर आणि एसओ-५० या हौशी उपग्रहाचे ४३६.७९५ वर आहे. डोंगरावरचे प्रसारण ४३५ च्या खालीच असावे, असा माझा आग्रह राहील. नाहीतर दक्षिण गोव्यात उपग्रह ऐकणाऱ्यांची मोठी गैरसोय होईल. आउटपुट मात्र अगदी ४३४ ला चिकटवू नका, कारण गाडीच्या किल्ल्यांचे रिमोट ४३३.९२ वर चालतात आणि ते हँडीवर कुरकुरत राहतील. इनपुटवर सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा मंद सूर, तो नसेल तर रिपीटर उघडत नाही) सक्तीचा ठेवा.

जीएम३३८ चालतील, ते ४०३ ते ४७० मेगाहर्ट्झच्या आवृत्तीचे आहेत ना, एवढे पाहून घ्या. मोबाइल (गाडीत बसवायचा) सेट सतत प्रसारणासाठी घडवलेला नसतो, त्यामुळे शक्ती दहा वॉटवर आणून पंखा लावावा.

सांगे_४३५

जागेविषयी लिहितो. चंद्रनाथ सुमारे ३५० मीटर उंच आहे, त्यामुळे रेडिओ क्षितिज ७५ किलोमीटरच्या पुढे जाते आणि कागदावर पेडणेही त्यात येते. सासष्टी, मुरगाव, तिसवाडी येथे अडचण दिसत नाही. काणकोणची गोष्ट निराळी: मध्ये करमलचा घाट आहे, आणि हा पट्टा दोन मीटरइतका डोंगराला वळसा घालत नाही. सत्तरीतल्या दऱ्यांचेही तेच. पावसाच्या धारांनी या वारंवारतेवर फरक पडत नाही, परंतु भिजलेल्या काजूच्या आणि आंब्याच्या दाट पानांतून सिग्नल स्पष्टपणे खाली येतो, म्हणून चाचणी मे महिन्यात नव्हे, जुलैत घ्या.

केबलमध्ये काटकसर नको. तीस मीटर आरजी-२१३ मध्ये ४३५ मेगाहर्ट्झवर साडेचार डेसिबलच्या आसपास जातात, म्हणजे दहा वॉटमधले साडेतीनच अँटेनाला पोहोचतात. एलएमआर-४०० घेतली तर निम्म्याहून अधिक पोहोचतात. खाऱ्या वाऱ्याने एन कनेक्टरच्या आत हिरवा थर चढतो, तेव्हा प्रत्येक जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप घट्ट ताणून गुंडाळावी आणि वरून साधी टेप लावावी. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात नुसता खणून भागत नाही. उन्हाळ्यात चिरा कोरडा पडला की प्रतिरोध वाढतो. बेंटोनाइट भरावे.

त्याच टॉवरवर दोन मीटरचा रिपीटर असेल तर आकडेमोड अवश्य करा: प्रसारणासोबत तिप्पट वारंवारतेवरही क्षीण सिग्नल निघतो, आणि १४५.५०० ची तिप्पट ४३६.५०० होते. आपले इनपुट अशा तिपटीवर पडले, तर डुप्लेक्सर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

डिचोली_क्रॉसबँड

वरील दोघांशी बव्हंशी सहमत आहे, पण मी इतका खर्च आधी करणार नाही. इनपुट १४५ वर आणि आउटपुट ४३४ वर ठेवल्यास शिफ्टचा प्रश्नच उरत नाही आणि साध्या डिप्लेक्सरवर (दोन पट्टे वेगळे करणाऱ्या फिल्टरवर) काम होते. केनवूड टीएम-व्ही७१ सारख्या सेटमध्ये ही सोय मुळातच आहे. दिशा मात्र उलटी करू नये, नाहीतर दोन मीटरच्या प्रसारणाची तिप्पट वारंवारता स्वतःच्याच इनपुटजवळ येईल.

पर्वरी_कॅव्हिटी

चाचणीसाठी क्रॉसबँड (एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलणे) उत्तम आहे, कायमस्वरूपी नको. त्यात दोन मीटरची एक वारंवारता अडकून पडते, आणि मुख्य हेतूच बाजूला पडतो: दोन मीटरवर गर्दी किंवा बिघाड झाला तरी स्वतंत्र चालणारा मार्ग हवा आहे. शिवाय दोन्ही प्रकारांत वैयक्तिक परवाना पुरत नाही. रिपीटरसाठी डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या वायरलेस परवाना विभागाची) वेगळी परवानगी घ्यावी लागते. तिचा अर्ज सामान खरेदी करण्यापूर्वी करा.

मडगावचा_हॅम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन अँटेनांची मांडणी आम्हाला पटली आहे. अर्ज आधी करू, आणि तोपर्यंत डोंगरावर एकाने दहा वॉटचा सेट आणि बाकीच्यांनी काणकोण, वाळपई आणि पेडणे येथे हँडी घेऊन ४३४.५०० वर सिंप्लेक्स (रिपीटरविना, एकाच वारंवारतेवर थेट) चाचणी करायची असे ठरवत आहोत. वाळपईकडचे कोणी जुलैत उपलब्ध असतील, तर त्यांनी कृपया येथे कळवावे.