अभ्याससहलीत तज्ज्ञ खरंच सोबत असतो का?

नेरूळची वहिनी: सासरे (वय ७१, गुडघे कुरकुरतात) आणि आठवीतला लेक, दोघांनाही रमेल अशी नाणेघाट-जुन्नर-खोडदची सहल एकांनी सुचवली आहे. जाहिरातीत 'इतिहास व विज्ञान तज्ज्ञ सोबत' लिहिलंय आणि पैसे बक्कळ मागतात. घ्यावी का? बाबांना नाणेघाट झेपेल?

ऐरोलीची गणितवाली: झेपेल, पण पायथ्याच्या वैशाखरे गावाकडून चढवू नका. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी माथ्यावर जाते, तिथून थोडं उतरलं की गुहा. उतरताना हात धरा म्हणजे झालं.

तज्ज्ञाचं म्हणाल तर आधी नाव विचारा, आणि तो गुहेत येणार की बसमध्ये माइकवर बोलणार, हेही. एका सहलीत आमचे 'तज्ज्ञ' टपरीवर चहा पीत बसले होते. पुढे लिपी वाचणाऱ्या एका बाईंबरोबर गेले. त्यांनी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरला, आणि कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर ब्राह्मी अक्षरं उठून दिसायला लागली. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख, भाषा प्राकृत. कुठला यज्ञ केला, दक्षिणा म्हणून किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, सगळा हिशोब. त्यात आकडेही आहेत. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं. शून्य नाही, की एकं-दहं-शतंची घरं नाहीत. जन्मभर पोरांना घरं शिकवली, त्यामुळे मी तिथून हलेचना. बाकीचे घाटातल्या दगडी रांजणापाशी फोटो काढत होते. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात, गोष्ट म्हणून छान आहे.

चाळीस माणसांना तो टॉर्च काय दिसणार? वीसच्या वर मंडळी असतील तर मी तरी पैसे देणार नाही.

वाशीचा मामा: खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ती आत जाऊन बघायची परवानगी आधीच काढलीय का, ते नक्की विचारा. नाहीतर लांबूनच तिच्या तबकड्या बघून परत. एकूण ३० आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आणि पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा. लेकाला तिथे विचारायला सांगा, एवढी भोकं असून चालतं कसं? रेडिओलहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून त्या आरपार न जाता परावर्तित होतात. शिवाय जाळीतून वारा निघून जातो. मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो, पोराला आधीच तयार करा!

नेरूळची वहिनी: विचारलं. माणसं ४५, तज्ज्ञ 'बहुतेक' येतील. 😀

ऐरोलीची गणितवाली: मग राहू द्या. घरची गाडी काढा, जुन्नरला मुक्काम करा, टॉर्च न्या. खोडदची परवानगी आत्तापासून बघा. आणि थंडी सरायच्या आत एका रविवारी ऐरोलीला या. खाडीत फ्लेमिंगो असतात, बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते, आणि बाबांना चढउतार नाही.