फ्रेंचमधला स्युब्जाँक्तिफ पासे: तक्ते घोकायचे की नाही?

पेठेतला मामा
भाची फ्रेंचच्या बी टू (वरच्या मध्यम पातळीच्या) परीक्षेची तयारी करतेय. काल तिची वही चाळली. पंधरा पानं नुसते तक्ते! पार्ले, फिनीर, व्हनीर, प्राँद्र, प्रत्येक क्रियापदाचा स्युब्जाँक्तिफ पासे सहाही पुरुषांत उतरवलेला. स्युब्जाँक्तिफ म्हणजे शंका, इच्छा, गरज सांगताना येणारं क्रियापदाचं रूप, आणि पासे म्हणजे नावापुरता त्याचा भूतकाळ. डोकं फिरलं माझं.

अहो, ह्यात नवीन आहे काय? अव्ह्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) ह्या सहायक क्रियापदांपैकी लागेल त्याचा साधा स्युब्जाँक्तिफ घ्यायचा आणि पासे काँपोझेत, म्हणजे रोजच्या भूतकाळात, वापरतो तेच कृदंत पुढे लावायचं. दोन्ही मिळून बारा घरं, आणि कानाला आवाज सहाच: ए, एयाँ, एये, स्वा, स्वायाँ, स्वाये. पंधरा पानं कशाला?

खरी गोची आहे ती 'कधी वापरायचा' ह्याची. तिथे तक्ता उपयोगाचा नाही, मराठी आहे. 'मला वाटतं तो गेला' म्हणजे ज क्र्वा किल ए पार्ती. हेच नकारार्थी करून बघा: 'तो गेला असेल असं मला वाटत नाही'. आला ना 'असेल' आपोआप? फ्रेंचमध्येही नेमकं तिथेच ए जाऊन स्वा येतं: ज न क्र्वा पा किल स्वा पार्ती. आणि नावातल्या 'पासे'ला भुलू नका. 'बाराच्या आत तुझं संपलेलं असायला हवं' हे अजून घडायचंय, तरी फ्रेंचमध्ये इल फो क त्यू ए फिनी अव्हाँ मिदी. भूतकाळ नव्हे, 'आधी उरकलेलं' एवढाच अर्थ.

फळा आणि खडू
साफ असहमत. मी सोळा वर्षं फ्रेंच शिकवते. 'कानाला सहाच आवाज' हीच तर अडचण आहे! 'मी संपवलं' मधला जे ('मी' आणि अव्ह्वारचं रूप मिळून) आणि स्युब्जाँक्तिफमधला जे, बोलताना फरक जेमतेम. लिहिताना मात्र दुसऱ्याला शेवटी एक मुका ई लागतो. दरवर्षी निम्मा वर्ग तो ई खातो. हाताला वळण लागल्याशिवाय तो येत नाही, आणि वळण तक्त्यानेच लागतं.

दुसरं म्हणजे एत्रवाली क्रियापदं, ज्यांचं कृदंत कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मुली 'मी गेले' लिहिताना आले ह्या कृदंताला स्त्रीलिंगी ई लावायला हमखास विसरतात. मराठीत त्याच मुली 'मी गेलो' कधी म्हणतील का?

रंकाळा
आमच्या कोल्हापुरात म्हणतात की बायका, 'मी आलो', 'मी गेलो'. त्यांना फ्रेंचमध्ये सूट मिळते काय बघा. :)

पेठेतला मामा
बाई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. मराठी मुलांना हे तक्त्यातून नाही, मराठीतूनच सांगा. 'मी गेले' कर्त्याप्रमाणे, 'मी चिठ्ठी लिहिली' कर्माप्रमाणे. 'मी लिहिलेली सगळ्यात सुंदर चिठ्ठी' म्हणताना जी 'लिहिलेली' येते, तीच फ्रेंचमध्ये एक्रीची एक्रीत होते. चिठ्ठी आधी आली म्हणून.

फळा आणि खडू
आणि चिठ्ठी नंतर आली तर? 'मी चिठ्ठी लिहिली' ह्या सरळ वाक्यात फ्रेंच कृदंत ढिम्म हलत नाही, एक्रीच राहतं. 'मी झोपले' अकर्मक आहे म्हणून कर्त्याप्रमाणे चालवाल, तर दोर्मीर (झोपणे) अव्ह्वार घेतं, कृदंत कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. पडलात तोंडघशी! मराठीचं बोट दारापर्यंत धरा, घरात शिरल्यावर सोडा.

पेठेतला मामा
दोर्मीरचं मान्य. तरी पंधरा पानं नाही म्हणजे नाही.

जुनी पानं
तुम्ही दोघं एका छोट्या तुकड्यावर भांडताय. भूतकाळाशी जोडलेले स्युब्जाँक्तिफ तीन आहेत: पासे, आँपार्फे आणि प्ल्यूस्कपार्फे. शेवटचे दोन वर्गात पुसटसेच शिकवतात. मग एकोणिसाव्या शतकातली कादंबरी मुळातून वाचायला घेतली की दर पानावर एत्रचं आँपार्फे रूप, डोक्यावर छप्परासारखी खूण घातलेला फ्यू, दिसतो आणि मुलं त्याला साधा भूतकाळ समजून पुढे जातात. उच्चार तोच, छप्पर तेवढं वेगळं, अर्थ मात्र पालटतो. बोलण्यातून हे रूप केव्हाच गेलंय, कबूल. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने 1901 सालीच काही जागी त्याऐवजी वर्तमान रूप चालवून घेतलं, 1976 च्या आदेशाने सवलत आणखी वाढवली. पण ही सवलत लिहिणाऱ्याला आहे, वाचणाऱ्याला कुठली?

फळा आणि खडू
ओळखण्यापुरतं शिकवते. 'तुम्ही खून करावा' ह्यासाठी आसासिनासिए असं आँपार्फेचं रूप फळ्यावर लिहिलं की वर्ग पाच मिनिटं हसतो, तेवढाच त्याचा उपयोग.

मॉन्ट्रियलकर
मी कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) टीसीएफ ही फ्रेंचची परीक्षा दिली. परीक्षेत हा काळ माझ्या तोंडून दोनदा आला असेल. त्यातलं एक 'तुम्ही वेळ दिलात, बरं वाटलं' हे पाठ केलेलं वाक्य. तक्ता नाही, अख्खं वाक्य पाठ! एक शंका मात्र आहे. आप्रे क, म्हणजे 'नंतर', ह्याच्या पुढे स्युब्जाँक्तिफ नको असं शिकलो होतो. इथे ऑफिसात सर्रास वापरतात.

फळा आणि खडू
फ्रान्समध्येही वापरतात. अव्हाँ क, म्हणजे 'आधी', ह्याला स्युब्जाँक्तिफ लागतो, त्याचं बघून ह्यालाही लावतात. पण 'नंतर' म्हटलं की गोष्ट घडून गेलेली असते, म्हणून व्याकरण स्युब्जाँक्तिफ नव्हे, नेहमीचं विधानाचं रूपच मागतं. ऑफिसात खुशाल बोला, पेपरात लिहू नका.

पेठेतला मामा
भाचीला धागा दाखवला. म्हणाली, "मामा, मुद्दा पटला, पण वही टाकणार नाही. चार रंगांच्या पेनांनी लिहिलीय."