सल्ला हवा: घरच्या सिमसाठी खरंखुरं वाटेल असं प्रवासी विमान कोणतं घ्यावं?

खिडकीसीट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एमएसएफएस २०२० (मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, पीसीवर विमान उडवायचा) आहे. छोट्या सेस्नातून सह्याद्री पालथा घालून झाला. आता मोठं विमान हवंय, तेही गेटवर अंधारात उभं असलेलं. बॅटरी चालू करण्यापासून सगळं आपण करायचं. इंजिनं आधीच चालू आणि आपण थेट धावपट्टीवर, याचा कंटाळा आला.
फेनिक्सचं एअरबस ए३२० आणि पीएमडीजीचं बोइंग ७३७-८००, सिमसाठी विकत मिळणाऱ्या या दोन विमानांत अडकलोय. पीसीत १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. जॉयस्टिक साधी, बाजूला थ्रॉटलची (इंजिनाचा जोर कमीजास्त करायची) एक पट्टी असलेली. दोन्ही घेणं शक्य नाही, घरी त्यावर आधीच बोलणी झाली आहेत.

कोथरूडचा_कॅप्टन
सध्या काहीच विकत घेऊ नका. फ्लायबायवायरचं ए३२एनएक्स (हेही ए३२०च) फुकट आहे, इन्स्टॉलर उतरवा आणि महिनाभर तेच उडवा. फुकट म्हणून नाक मुरडू नका. हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावरची यंत्रणा), वीजपुरवठा, एमसीडीयू (मार्ग भरायचा कॉकपिटमधला संगणक), सगळं नीट चालतं. बॅटऱ्या लावा, एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन) सुरू करा, एडीआयआरएसचे (विमानाची जागा आणि दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचे) तिन्ही नॉब 'नॅव्ह'वर फिरवा आणि ती अलाइन व्हायची, म्हणजे आपली जागा ओळखायची, वाट बघा. त्या पाचसात मिनिटांत चहा होतो.
सिमब्रीफ या मार्ग आखून देणाऱ्या वेबसाइटवर एक फुकट खातं काढा. त्याचा आयडी विमानातल्या फ्लायपॅडमध्ये (कॉकपिटमधल्या टॅब्लेटमध्ये) भरला की एमसीडीयूवर 'इनिट रिक्वेस्ट' दाबायचं, मार्ग आपोआप येतो. पहिल्या दोनतीन वेळा मात्र हातानेच भरा, नाहीतर काय भरलंय ते कधीच कळणार नाही.
हे सांगतोय कारण मी उलटं केलं. पाच-सात हजारांचं एकेक करत चार विमानं घेतली. त्यातली तीन आजही फक्त गेटवर उभी असतात, इंजिनं सुरू करण्यापलीकडे त्यांतलं मला काही येत नाही.

मुलुंड_टॉवर
कॅप्टनसाहेब एअरबसवाले आहेत, त्यामुळे जरा जपून ऐका. :)
७३७ मध्ये विमान *उडवल्यासारखं* वाटतं. ट्रिमचं (नाक हवं तिथे आपोआप टिकवायचं) चाक खडखडत फिरतं, ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारं) लावलं की थ्रॉटलचे लिव्हर डोळ्यांदेखत पुढेमागे सरकतात. ए३२० मध्ये लिव्हर क्लाइंबच्या खाचेत ठेवले की उतरेपर्यंत हलत नाहीत. फुकट बोइंग हवं असेल तर एक्स-प्लेन १२ वर झिबोचं ७३७-८०० आहे, अप्रतिम. पण त्यासाठी दुसरा सिम घ्यावा लागेल, म्हणजे घरी पुन्हा बोलणी.

कोथरूडचा_कॅप्टन
अहो, पण त्यांच्याकडे एकच पट्टी आहे ना! एअरबस त्यासाठीच बरं. फ्लायपॅडवर त्या पट्टीच्या खाचा एकदा ठरवून दिल्या की काम झालं. शिवाय खऱ्या ए३२० लाही बाजूला काठीच असते आणि ट्रिम ते स्वतःच सांभाळतं. ७३७ ला योक (दोन्ही हातांनी धरायचं सुकाणू) नसेल तर अर्धी मजा गेली.
जाहिरातीतल्या 'स्टडी लेव्हल' (खऱ्या विमानाइतकं तंतोतंत) या शब्दावरही फार जाऊ नका. त्याचं काही प्रमाणपत्र नसतं, ज्याला वाटेल तो ते लिहितो.

शिकागोकरीण
पीसीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. १६ जीबी काठावर आहे. विमानावर पैसे घालण्याआधी रॅम ३२ करा, फरक लगेच जाणवेल. कार्डची मेमरी भरून चित्र अडखळायला लागलं तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. कॉकपिटमधली अक्षरं वाचता आली की बाकी चालतं.
आणि पहिलाच मार्ग मुंबई–गोवा घेऊ नका. वर जाईपर्यंत उतरायची वेळ होते आणि नवख्याची तारांबळ उडते. मुंबई–नागपूर घ्या. सव्वा तास, मध्ये श्वास घ्यायला जागा.

मुलुंड_टॉवर
नागपूर म्हणालात म्हणून आठवलं. बरीच वर्षं ७३७ वर होतो. तिथे खालची उंची आधी लावून ठेवली की व्हीनॅव्ह (चढउतार सांभाळणारा ऑटोपायलट) ठरलेल्या ठिकाणी आपणहून उतरायला लागतं. मग एकदा ए३२० घेतलं, खालची उंची लावली आणि निवांत जेवायला गेलो. आलो तेव्हा नागपूर मागे पडलेलं, विमान अजून ३३ हजार फुटांवर, आणि स्क्रीनवर बिचारं 'डीसेलरेट' (वेग कमी करा) लिहून थकलेलं. एअरबसमध्ये उंचीचा नॉब आपण ढकलल्याशिवाय ते खाली येत नाही.
तेव्हापासून हिशोब तोंडीच करतो. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर. ३३ मधून १ गेला, उरले ३२. दर हजार फुटांना ३ मैल, म्हणून गुणिले ३ म्हणजे ९६ नॉटिकल मैल. वेग कमी करायला आणखी दहा. साधारण १०५ मैल आधी हात नॉबवर हवा.

खिडकीसीट
दोन आठवड्यांनी येतोय. फुकटवालं ए३२एनएक्स घेतलं, रॅम ३२ केली. मुंबई–नागपूर आतापर्यंत सहा वेळा. पहिल्या वेळी फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या पट्ट्या) विसरून टेकऑफ करायला निघालो आणि विमान माझ्यावर ओरडलं. काल मात्र 'रिटार्ड' (जोर कमी करा) ऐकू आलं तेव्हा पट्टी खेचली आणि चाकं अलगद टेकली. बायकोला बोलावून रिप्ले दाखवला. ती म्हणाली, "यात प्रवासी कुठे आहेत?"
एक शंका. दोन नंबरचं इंजिन आधी सुरू करतो, ते ठीक. मग एक नंबर सुरू करताना पोटातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. कधी वाटतं कुणीतरी करवतीने लाकूड कापतंय. इन्स्टॉलेशन बिघडलंय का?

निवृत्त_हँगरवाला
इतके दिवस नुसता वाचत होतो, आता राहवलं नाही. हयात ए३२० च्या पोटाखाली गेली आहे.
काही बिघडलेलं नाही. तो पीटीयू, म्हणजे एका हायड्रॉलिक्सचा जोर दुसऱ्याला देणारं यंत्र. विमानातल्या हिरव्या नावाच्या हायड्रॉलिक्सचा पंप एक नंबर इंजिनावर, पिवळ्याचा दोन नंबरवर. दोन्हींच्या दाबात ५०० पीएसआयहून (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त फरक पडला की पीटीयू दाब असलेल्या बाजूच्या जोरावर दुसरी बाजू चालवतो, तेल मात्र इकडचं तिकडे जात नाही. दुसरं इंजिन सुरू होताना त्याची आपोआप चाचणी होते, तोच हा आवाज. खऱ्या विमानात मधल्या रांगांमध्ये बसलेल्यांना स्पष्ट ऐकू येतो आणि निम्मे लोक घाबरून एकमेकांकडे बघतात.
पुढच्या वेळी दुसरं इंजिन सुरू करताना भुंकलं *नाही*, तर मात्र इथे येऊन विचारा.