प्रोटॉन अंगुळात मोजायचाय: पट्टी करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आठवी-नववीच्या मुलांसाठी एक लांबलचक कागदी पट्टी करतोय. वरच्या टोकाला अंगुळ, तिथून उतरत उतरत अणू, मग प्रोटॉन आणि जमलं तर थेट प्लांक लांबी, म्हणजे भौतिकशास्त्रात अर्थपूर्ण मानली जाणारी सगळ्यात लहान लांबी. फेम्टोमीटर म्हणजे १०^-१५ मीटर हे मुलं पाठ करतात, पण त्यातून हाती काही लागत नाही. अंगुळ प्रत्येकाच्या बोटावरच असतं, म्हणून तेच एकक धरलंय.

हिशेब असा केला. हात १८ इंचांचा, म्हणजे ४५.७२ सेंमी. हाताची अंगुळं २४. म्हणजे १ अंगुळ = १.९०५ सेंमी, बरोबर पाऊण इंच. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर, म्हणून व्यास १.६८. भागाकार केला की व्यास ८.८ × १०^-१४ अंगुळ येतो. उलट बाजूने, एका अंगुळाच्या रुंदीत सुमारे ११ लाख कोटी प्रोटॉन शेजारी शेजारी मावतील. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दिलेल्या संख्यांच्या यादीत १०^१३ ला शंकु म्हटलंय, तेव्हा 'अंगुळभर जागेत एक शंकु प्रोटॉन' असं पट्टीवर लिहायचा मोह होतोय.

पायऱ्या कशा पाडायच्या हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातून घेतलं. तिथे अंगुळाचे आठ भाग केले की जवाच्या दाण्याची मधली जाडी, तिचे आठ भाग म्हणजे ऊ, उवेचे आठ म्हणजे लीख, लिखेचे आठ म्हणजे रथाच्या चाकाने उडवलेला धूलिकण आणि त्याचे आठ म्हणजे परमाणू. पाच पायऱ्या, ३२,७६८ भाग. माझ्या अंगुळाने हा परमाणू साधारण ०.५८ मायक्रोमीटर भरतो, लहानशा जिवाणूएवढा. आजच्या अर्थाने अणू गाठायला तसंच आठाने भागत राहावं लागतं: नवव्या पायरीला १.४ × १०^-१० मीटर येतात, म्हणजे हायड्रोजन अणूच्या आसपास (बोर त्रिज्येची, म्हणजे हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनच्या केंद्रकापासूनच्या ठरावीक अंतराची, दुप्पट धरली तर १.०६ × १०^-१०). प्रोटॉन चौदाव्या आणि पंधराव्या पायरीच्या मध्ये बसतो. यातलं मला सगळ्यात भावलेलं हे की अणूपासून प्रोटॉनपर्यंतची उतरणही पाच पायऱ्यांहून थोडीशीच जास्त आहे, जवळपास अंगुळापासून कौटिल्याच्या परमाणूइतकीच! मुलांना अणूतली पोकळी दाखवायला याहून चांगलं काय मिळणार?

आता अडचणी. अंगुळ काही प्रमाणित नाही. त्याच ग्रंथात मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी असंही माप दिलंय, आणि ती १.७ ते २ सेंमी काहीही असू शकते. मग '८.८' मधल्या दशांशाला अर्थ आहे का? दुसरं, इलेक्ट्रॉन कुठे दाखवू? 'इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या' २.८२ फेम्टोमीटर दिलेली असते. ती लावली तर इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा मोठा दिसतो आणि सगळी पट्टीच चुकीचं शिकवेल. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद

पायऱ्यांची कल्पना उत्तम आहे. तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तरही तिच्यातच आहे. १.७ ऐवजी २ सेंमी घेतले तरी पायरीचा आकडा जेमतेम ०.०८ ने सरकतो. तेव्हा पट्टीवर पायरीच छापा, अंगुळातली किंमत एका सार्थ अंकापुरती द्या: ९ × १०^-१४. शंकु जरूर ठेवा, फक्त आधी 'सुमारे' लिहा. प्रोटॉनच्या त्रिज्येवरूनही वाद झाला होता. २०१० साली म्यूऑनिक हायड्रोजनवरून (ज्यात इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊबंद म्यूऑन असतो) ती ०.८४ आली आणि आधीची ०.८८ च्या जवळ होती. चार टक्क्यांचा फरक, भौतिकशास्त्रात त्याने खळबळ माजली, पण तुमच्या पट्टीवर तो रेघेच्या जाडीत झाकून जाईल.

अभिजात त्रिज्या हा इलेक्ट्रॉनचा आकार नव्हे. त्याचा विद्युतभार एका गोळ्यात कोंडला आणि त्या विद्युत ऊर्जेची सांगड वस्तुमानाशी घातली की ही लांबी निघते, एवढंच. प्रयोगात इलेक्ट्रॉनला आकार सापडलेला नाही. म्हणून त्याला टिंब देऊ नका. ढोबळमानाने १०^-१९ मीटरच्या आसपास एक आडवी रेघ मारा आणि खाली बाण काढा: 'आकार असलाच तर याच्या खाली'. प्रोटॉनच्या आतले घटक कण, क्वार्क, तेही त्याच रेघेखाली.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार, दोन्ही गाठी सुटल्या. तुमची रेघ माझ्या हिशेबाने एकोणिसाव्या पायरीच्या जरा खाली येते. प्लांक लांबी, १.६ × १०^-३५ मीटर, छत्तिसाव्या आणि सदतिसाव्या पायरीच्या मध्ये. म्हणजे निम्म्याच्या जवळपास पट्टी कोरी राहते. ती कापून लहान करावी असं सुचवणारे भेटले, पण माझं मन धजत नाही. सगळ्या पायऱ्या सारख्याच अंतरावर ठेवून हा भाग मोकळा सोडणार आहे. त्या पट्ट्यात प्रयोगाने ठामपणे सांगितलेली एखादी लांबी लिहिण्याजोगी असेल तर नक्की कळवा, छपाईला अजून अवकाश आहे.