सिम्युलेशन म्हणजे अनुकरण की सोंग?

मांजलपूर: लेक नेटवर्कवर एम.ई.चा प्रकल्प करतेय. परवा सासऱ्यांनी विचारलं, दिवसभर लॅपटॉप कशाला तापवतेस? ती म्हणाली, "आजोबा, पन्नास कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं अनुकरण करतेय." ते म्हणाले, "पन्नास कॉम्प्युटर आहेत कुठे?" तर सिम्युलेशनला म्हणायचं काय? मॉडेल, प्रोटोकॉल यांचंही सांगा.

दांडिया बाजार: ताई, आजोबांची शंका रास्त आहे. अनुकरण मी 'एम्युलेशन'साठी राखून ठेवीन. तिथे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, खरी, घड्याळही खरं. फक्त मधल्या वाटेवरचा उशीर आणि गळती मुद्दाम घातलेली. सिम्युलेशनमध्ये घड्याळसुद्धा खोटं. एनएस-३ हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घटनांची यादी धरून चालतं: पॅकेट निघालं, रांगेत लागलं, गळलं. मधला रिकामा वेळ गाळून थेट पुढच्या घटनेवर उडी. त्यामुळे नेटवर्कमधले दहा सेकंद कधी दोन सेकंदांत उरकतात, कधी पाऊण तास खातात. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, पण इथे वेळेचं आणता येतं! मी तर सोंगच म्हणतो.

मॉडेल म्हणजे प्रतिमान. अलोहा म्हणजे एकच वाहिनी सगळ्यांनी वाटून घ्यायची जुनी पद्धत. तिच्या मूळ रूपाचं कागदावरचं गणित सांगतं की वाहिनी फार तर १८.४ टक्केच कामी येते, ते प्रतिमान. चालवून पाहिलं की सिम्युलेशन.

रावपुरा: १९३१च्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूच्या, म्हणजे राज्यकारभाराच्या शब्दकोशाच्या, गावचे, बडोद्याचे आपण, आणि प्रबंधात 'सोंग' लिहायचं? गाईड दारात उभं करणार नाहीत. शिवाय सोंगात फसवणूक आली.

दांडिया बाजार: सोंगी भारुडात कोण फसतो हो? पण बरं, प्रबंधात 'सदृशीकरण' लिहा. माझ्या तोंडात ते बसत नाही, एवढंच.

रावपुरा: प्रोटोकॉलला मात्र 'शिष्टाचार' नको, साधं 'संदेशनियम' म्हणा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० वर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड! आगाऊपणा कुणीच केला नव्हता. यंत्रं नियमाप्रमाणेच पॅकेट पुन्हा पुन्हा धाडत होती. खोट नियमातच होती. असली कोंडी चालू लाइनवर करून बघता येत नाही, म्हणून तर हा खटाटोप.

मांजलपूर: सासऱ्यांना 'सोंग' एकदम पटलं. लगेच विचारलं, "मग ते वठलंय की नाही, हे कोण ठरवणार?" लेक गप्प. व्हॅलिडेशनचं, म्हणजे सोंग खऱ्याशी जुळतं का ते तपासण्याचं, प्रकरण अजून लिहायचंय.