मदत हवी आहे: आईच्या पॅनवर न घेतलेलं कर्ज

रानवाट
आईच्या सिबिल रिपोर्टमध्ये (कर्जांचा इतिहास दाखवणारा) 18,500 रुपयांचं पर्सनल लोन दिसतंय. आईने कर्ज कधीच घेतलेलं नाही. देणारी एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) नावानेही माहीत नाही. तीन हप्ते थकलेत आणि वसुलीचे फोन सुरू झालेत. सिबिलवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाकला होता, तो 'माहिती बरोबर आहे' म्हणून बंद झाला. फोनवाला म्हणतो, 6,000 भरा, सेटल करून टाकतो. भरावेत का?

पानसुपारी
एक रुपयाही भरू नका. भरलात की कर्ज तुमचंच होतं असं धरलं जातं. वर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' शेरा येतो, तो पुढच्या प्रत्येक बँकेला खटकतो.

डिस्प्यूट का बंद झाला? सिबिल स्वतः काही खोडत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारतं. तिथला माणूस सिस्टीममध्ये पॅन जुळला की 'बरोबर' कळवून मोकळा होतो. म्हणून एनबीएफसीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला थेट ईमेल करा. नाव-पत्ता त्यांच्या वेबसाइटवर असतोच. 'हे कर्ज माझं नाही' एवढं लिहून भागत नाही. मागा: केवायसीची कागदपत्रं आणि सेल्फी, करारनामा, ओटीपी गेलेला मोबाइल नंबर आणि पैसे जमा झालेला खाते क्रमांक.

सगळी मेख त्या खात्यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लेंडिंग (ऑनलाइन कर्जाच्या) नियमांप्रमाणे, काही अपवाद सोडले तर, पैसे कर्जदाराच्याच खात्यात जायला हवेत. खातं दुसऱ्या कुणाचं निघालं तर एनबीएफसी अडचणीत. आईच्या नावाचं निघालं तर कुणीतरी तिच्या कागदांवर खातंही उघडलंय, आणि हे कर्जापेक्षा वाईट. त्यातून इतरांचे लुटलेले पैसे फिरू शकतात. त्या बँकेला लगेच लेखी कळवून खातं गोठवायला लावा.

घडीव
नाव अनोळखी वाटतं ते यामुळे की रिपोर्टमध्ये कर्जाच्या ॲपचं नाव येत नाही, त्यामागच्या एनबीएफसीचं येतं.

रिपोर्टमधला 'एन्क्वायरी' भाग (कर्जासाठी कुणी कुणी रिपोर्ट मागवला त्याची नोंद) पाहिलात का? कर्जाच्या तारखेच्या चार-आठ दिवस मागेपुढे आणखी कुणी चौकशी केली असेल, तर तेच कागद तिथेही फिरलेत. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचेही रिपोर्ट काढा. प्रत्येकाकडून वर्षाला एक फुकट मिळतो.

पानसुपारी
पोलिसांत: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, मग तिची प्रत घेऊन ठाण्यात. आयटी ॲक्टचं कलम 66सी (ओळखचोरी) आणि 66डी (तोतयेगिरी करून फसवणूक) नावानिशी लिहा. 1930 या सायबर हेल्पलाइनचा खरा उपयोग खात्यातून नुकतेच पैसे गेले असतील तेव्हा, इथे त्यावर वेळ घालवू नका.

तक्रारीची प्रत जोडून डिस्प्यूट पुन्हा टाका. या वेळी रकमेचा नको, 'खातं (म्हणजे हे कर्ज) माझं नाही' हा प्रकार निवडा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. 2024 च्या एप्रिलपासून हा नियम आहे, तो ईमेलमध्ये लिहिला की उत्तरं जरा लवकर येतात. एनबीएफसीने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जा.

रानवाट
धन्यवाद. रिपोर्टच्या संपर्क भागात आईच्या दोन नंबरांखाली तिसराच एक मोबाइल नंबर आहे. तो घरातल्या कुणाचाच नाही.

घडीव
बहुतेक तोच ओटीपीचा नंबर! तो तक्रारीत घाला. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आईच्या मोबाइलने लॉगिन करून तिच्या नावावरची सिमं बघा. यादीत तो असेल तर 'नॉट माय नंबर' निवडून रिपोर्ट करा. यादीत नसेल तर सिम दुसऱ्याच्या नावावर आहे, ते पोलिसांनाच काढता येईल.

आणि आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा. आधारची झेरॉक्स मागतील तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.