लढाऊ तुकडीत स्त्रिया : शारीरिक निकष एकच हवा का?

कातळवाट

स्त्रियांना लढाऊ पदं द्यावीत का, हा वाद माझ्यापुरता मिटला आहे. अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये सगळी पदं खुली करायचा निर्णय घेतला, ब्रिटनने २०१८ मध्ये. आता भांडण उरलंय ते निकषांचं, आणि तिथे मी ठाम आहे. पायदळात निकष एकच हवा. जखमी जवानाला ओढणारा पुरुष आहे की स्त्री, यावरून जखमीचं वजन ठरत नाही.

ब्रिटिश सैन्याने २०१९ पासून जवळून लढणाऱ्या तुकड्यांना अशीच चाचणी लावली. ४० किलो ओझ्यासह ४ किलोमीटर ५० मिनिटांत, ११० किलोचा पुतळा २० मीटर ओढणं, वगैरे. वय, लिंग काही बघत नाहीत. अमेरिकी सैन्याने मात्र सर्वांना एकच म्हणून आणलेली चाचणी बदलून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांचे गुणतक्ते वेगळे केले. यात सगळ्यात मोठा अन्याय झाला तो पुरुषांच्या तक्त्यात बसणाऱ्या स्त्रियांवर. त्यांच्याकडेही मग सवलतीत आल्यासारखं बघितलं जातं.

शिलेदार

असहमत. एकच निकष लावला की प्रश्न सुटतो, असं मला वाटत नाही.

मी पंधरा वर्षं पायदळात काढली. एकदा रात्री जखमी सोबत्याला उतारावरून खाली आणत होतो. स्ट्रेचरला आम्ही चौघे, दर दोनशे पावलांनी हात बदलायचा. तिसऱ्या बदलीला माझी बोटं उघडेनात. दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करून दांडा सोडवला. चाचणीत एकदा २० मीटर ओढणं वेगळं, आणि तीन दिवस झोप नसताना हे करणं वेगळं.

अमेरिकेच्या मरीन कोरने (समुद्रातून उतरून लढणाऱ्या दलाने) २०१५ मध्ये मिश्र तुकड्या उभ्या करून १३४ कामांत तपासल्या. ६९ टक्के कामांत फक्त पुरुषांच्या तुकड्या सरस ठरल्या, आणि स्त्रियांना दुखापती बऱ्याच जास्त झाल्या. ही आकडेवारी कुणाला आवडो न आवडो, किंमत तुकडीतले सगळे मोजतात.

अनघा

शिलेदारदादा, तुमच्या अनुभवापुढे मी वाद घालणार नाही. पण मरीन कोरच्या त्या चाचणीबद्दल घालणार. त्यातल्या बऱ्याच स्त्रिया पायदळाचं प्रशिक्षण संपवून थेट आल्या होत्या, पुरुषांमध्ये तुकडीत मुरलेले बरेच होते. शिवाय ती सरासरी आहे. भरती सरासरीची होत नाही, एकेका माणसाची होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेवर अमेरिकी सैन्याची रेंजर स्कूल, म्हणजे तिथलं अत्यंत खडतर लढाऊ प्रशिक्षण, पार करून बाहेर पडल्या.

आता दुखापतींचं. माझ्या प्रशिक्षणात मिळालेल्या पिठ्ठूची (पाठीवरच्या सामानाच्या पिशवीची) चौकट माझ्या पाठीपेक्षा चार बोटं लांब होती. कमरपट्टा कमरेवर बसायचाच नाही, खाली घसरायचा, आणि सगळं ओझं खांद्यांवर यायचं. दोन्ही खांद्यांची सालं निघाली. शेवटी एका उस्तादांनी (प्रशिक्षकांनी) पट्टे नव्याने बांधून दिले. वजन तेच, वाट तीच, मी आधीपेक्षा कितीतरी लवकर पोचले. मी काही आठवड्याभरात दणकट झाले नव्हते!

ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात नव्या स्त्री जवानांच्या ओटीपोटाच्या हाडाला बारीक तडे जात. उंच पुरुषांच्या पावलाशी पाऊल जुळवायला ढांगा लांब टाकाव्या लागत, हे त्यामागचं एक कारण. कूच थोडी संथ केली, ज्याला त्याला आपल्या पावलाने चालू दिलं आणि सरावाची पद्धत बदलली, तेव्हा हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. मग दुखापत शरीराची म्हणायची की शिकवण्याची?

शिलेदार

पिठ्ठूचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. आमच्यातल्या बुटक्या पोरांचेही तेच हाल व्हायचे आणि कुणी लक्ष दिलं नाही.

पण अनघाताई, सामान नीट बसवून, पावलं सुधारूनही एकाच निकषातून पार होणाऱ्या स्त्रिया थोड्याच असतील. तेव्हा वरून विचारणा येते, इतक्या कमी का? आणि प्रशिक्षकाला कळतं आपल्याकडून काय हवंय. माझी भीती स्त्रियांबद्दल नाही, त्या विचारणेबद्दल आहे.

पाणंद

सगळे पायदळाबद्दल बोलताय. १५५ मिमी तोफेचा गोळा सुमारे ४३ किलोचा, तो दिवसभर उचलायचा असेल तर उचलूनच दाखवावा लागेल. लढाऊ विमानात वेगाने वळताना शरीरावर येणारा गुरुत्वाचा ताण सोसायचा असतो. २०१६ मध्ये भारतीय हवाई दलात तीन स्त्रिया लढाऊ वैमानिक झाल्या, त्यांना गोळा उचलायला लावून काय कळणार? नॉर्वेने २०१४ मध्ये खास दलात स्त्रियांची वेगळी तुकडी काढली, कारण अफगाणिस्तानात तिथल्या बायकांशी पुरुष जवान बोलूच शकत नव्हते. निकष कामातून निघायला हवा. तब्येत मोजणारी वार्षिक चाचणी आणि कामाची चाचणी या दोन गोष्टी आहेत, कातळवाट यांनी त्या एकत्र केल्यात.

कातळवाट

हो, ती गल्लत झाली, दुरुस्त करतो. तब्येतीच्या चाचणीत वय-लिंगानुसार तक्ते असायला माझी हरकत नाही. कामाच्या चाचणीत नकोत. अमेरिकी सैन्यानेही २०२५ मध्ये लढाऊ पदांपुरते गुण स्त्री-पुरुषांना सारखे केले, ५०० पैकी किमान ३५०.

शिलेदार, थोड्याच पार होतील तर थोड्याच होऊ देत. वरून विचारणा आली तर उत्तर द्यायला चाचणीचा कागद हवा, तोही प्रत्येक काम मोजून बनवलेला.

अनघा

मोजून बनवलेला, इथे मी तुमच्याबरोबर. फक्त मोजताना पिठ्ठू ज्याच्या त्याच्या पाठीला बसणारा असू दे. आणि मोजणाऱ्यांत शिलेदारदादांसारखा स्ट्रेचर उचललेला माणूस असू दे.

शिलेदार

बोलावलं तर येईन. पुतळा नको म्हणावं, रात्रीचा उतार आणि खरा माणूस स्ट्रेचरवर घ्या. दोनशे पावलांनी हात बदला, आणि तिसऱ्या बदलीनंतर पुढे किती जण चालतात ते लिहून घ्या.